साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश सत्येंद्रनाथ टागोर : कुणाकडे काही माहिती आहे का?

कृष्णाकाठ

साताऱ्यात 'न्यायाधीश' म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे. माहुली हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ते नाव शाळेपासून कानावर असतं आणि ते योग्यच आहे. पण याच साताऱ्याच्या जिल्हा न्यायाधीशपदावरून १८९७ साली एक गृहस्थ निवृत्त झाले, ते इथल्या फारच थोड्यांना माहीत आहेत. सत्येंद्रनाथ टागोर. रवींद्रनाथांचे थोरले बंधू, वयाने एकोणीस वर्षांनी मोठे, आणि आयसीएस, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा पास होणारे पहिले भारतीय.

परीक्षेचं सगळे सांगतात. १८६३ साली लंडनला पास झाले, ही ओळ स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात असते. पुढे काय? पुढची तीसेक वर्षं या माणसाने मुंबई इलाख्यात नोकरी केली. अहमदाबाद, विजापूर, कारवार, सोलापूर, सातारा. बंगालचा माणूस, पण नोकरीचं सगळं आयुष्य आपल्याकडे, गुजराती, मराठी आणि कानडी पक्षकारांचे तंटे ऐकण्यात गेलं.

हायकोर्टाच्या न्यायमूर्तींवर चरित्रं निघतात, तैलचित्रं लागतात. जिल्हा न्यायाधीशाचं नाव मात्र बदलीची ऑर्डर आली की तीन महिन्यांत पुसलं जातं. वास्तविक सामान्य माणसाची आणि कायद्याची गाठ पडते ती जिल्ह्याच्या कोर्टात. माझ्या मते आपल्या न्यायालयीन इतिहासातली ही सगळ्यात मोठी पोकळी आहे, म्हणून हा धागा. सत्येंद्रनाथांबद्दल, त्यांच्या काळातल्या कोर्टाबद्दल, जे खात्रीचं माहीत असेल ते लिहा.

वाचनमग्न

उत्तम विषय. रवींद्रनाथांच्या आठवणींत अहमदाबादचा भाग आहे तो वाचला नसेल तर जरूर वाचा. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी ते भावाकडे काही महिने राहिले. जज्जसाहेबांचा बंगला म्हणजे शाहीबागेतला महाल, शाहजहान शहजादा असताना बांधलेला, खाली साबरमती. वहिनी आणि मुलं तेव्हा इंग्लंडात. दादा सकाळी कोर्टात गेले की त्या अवाढव्य वाड्यात हा सतरा वर्षांचा मुलगा एकटा. दुपारभर फक्त पारव्यांचं घुमणं. स्वतःच्या चालीतली पहिली गाणी त्याने तिथे केली आणि पुढे 'क्षुधित पाषाण' ही कथा त्याच वास्तूवरून सुचली.

या आठवणीत न्यायाधीशाच्या घराचं एक चित्र आपोआप येतं. मोठा सरकारी बंगला, आणि त्यात राहणारं माणूस मात्र कुणी नाही.

हुगळीकाठ

कोलकात्यात बरीच वर्षं राहतोय, त्यामुळे थोडी भर घालतो.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जून १८४२, कोलकात्यातल्या जोडासांकोच्या टागोरवाड्यात. देवेंद्रनाथांचे दुसरे पुत्र. कलकत्ता विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५७ साली झाली, त्या पहिल्या तुकडीतले ते विद्यार्थी. १८६२ मध्ये मनमोहन घोष या मित्राबरोबर विलायतेला गेले. सत्येंद्रनाथ पहिल्याच प्रयत्नात निवडले गेले, घोष दोनदा बसूनही नापास झाले आणि मग बॅरिस्टर झाले. संस्कृत आणि अरबीचे गुण सत्येंद्रनाथांच्या कामी आले होते. पुढे या दोन विषयांचे गुण कमी करण्यात आले, आणि घोषांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

त्यानंतर भारतीय नावं दिसतात ती थेट १८६९ मध्ये. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, आणि आपल्याकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. म्हणजे मधली काही वर्षं या अख्ख्या सेवेत हा एकच भारतीय होता. जिमखान्यात, कलेक्टरच्या जेवणावळीत, दौऱ्याच्या तंबूत, सगळीकडे एकटा. नेमणूक मुंबई इलाख्यात, म्हणजे स्वतःच्या बंगाली भाषेचं माणूसही आसपास नाही.

त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवींविषयी लिहिल्याशिवाय हे चरित्र पुरं होत नाही. टागोरांच्या घरातल्या बायका तेव्हा अंतःपुराबाहेर पडत नसत. सत्येंद्रनाथांनी पत्नीला मुंबईला आणलं, ते दोघं सुरुवातीला माणकजी करसेटजी यांच्या घरी राहिले. तिथे ज्ञानदानंदिनींनी पारशी बायकांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहिली, तिच्यात स्वतःचा बदल केला, सोबत पोलकं आणि परकर घालायला सुरुवात केली आणि ती पद्धत बंगालात नेली. आज बंगाली बाई जशी साडी नेसून घराबाहेर पडते, त्याची सुरुवात मुंबई इलाख्यातल्या एका न्यायाधीशाच्या घरात झाली. मुलगा सुरेंद्रनाथ १८७२ साली पुण्यात जन्मला, मुलगी इंदिरा १८७३ मध्ये विजापुरात. मुलांच्या जन्मगावांवरून बापाच्या बदल्या कळाव्यात, हे सरकारी नोकरांच्या घरात आजही चालतं.

कालीनदी

आमच्या कारवारला ते १८८२ च्या सुमारास जिल्हा न्यायाधीश होते. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि गाव म्हणजे बंदर, कचेऱ्या आणि सुरूचं बन. रवींद्रनाथ इथे येऊन राहिले, 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथेच लिहिलं. चांदण्या रात्री होडीने काळी नदीतून वर जाऊन शिवाजीमहाराजांच्या काळचा एक जुना डोंगरी किल्ला पाहिल्याचं वर्णन त्यांच्या आठवणींत आहे. आज इथला समुद्रकिनारा रवींद्रनाथांच्या नावाने ओळखला जातो. ज्यांच्या नोकरीमुळे ते इथे आले त्यांचं नाव मात्र गावात फारसं निघत नाही. कृष्णाकाठ, तुमचा सूर मला पटला तो यामुळेच.

सरळमार्गी

सगळं वाचलं. छान आहे, पण एक शंका मांडतो. आतापर्यंत धाग्यावर धाकटा भाऊ आहे, बायको आहे, साडी आहे, समुद्र आहे. न्यायाधीश कुठे आहे? त्यांचं आडनाव टागोर नसतं तर आपण हे बोललो असतो का? आणि तीस वर्षांत हायकोर्टावर घेतलं गेलं नाही, म्हणजे कामगिरी बेताची होती असंही कुणी म्हणेल. १८४२ सालीच जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे बघा कुठे पोचले.

जुने_दप्तर

सरळमार्गी, शंका रास्त आहे. रानड्यांचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण त्या तुलनेतच या नोकरीचं खरं रूप दिसतं.

रानडे १८ जानेवारी १८४२ चे, निफाडचे. सत्येंद्रनाथांपेक्षा साडेचार महिन्यांनी मोठे. पण दोघांच्या शिड्या वेगळ्या. सत्येंद्रनाथ सनदी नोकर, म्हणजे आयसीएस, म्हणून जिल्हा न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत ते नेमाने पोचणार होते. रानडे सनदी नव्हेत. ते १८७१ पासून पुण्यात पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश, म्हणजे सबजज्ज. १८७८ मध्ये बदली नाशिकला. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा जळाले, वासुदेव बळवंतांच्या बंडाचे ते दिवस, आणि सरकारला पुण्याच्या प्रत्येक पुढाऱ्याचा संशय. रानड्यांना सुट्टी चालू असतानाच धुळ्याला पाठवलं गेलं. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. वासुदेव बळवंतांच्या नावाने बनावट पत्रंही येत, आणि रानडे ती तशीच अधिकाऱ्यांच्या हवाली करत. दिवसा न्यायासनावर बसायचं, आणि संध्याकाळी स्वतःच संशयित.

पुढे १८८१ मध्ये पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या दुय्यम न्यायालयांची तपासणी त्यांच्याकडे आली. १८८४ मध्ये पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाचे न्यायाधीश, १८८७ मध्ये खास न्यायाधीश, आणि न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारल्यावर १८९३ च्या अखेरीस हायकोर्ट. म्हणजे हायकोर्टावरची वर्षं जेमतेम सात, आणि त्याआधीची बावीस गावोगावच्या कोर्टात. आपण त्यांना 'न्यायमूर्ती' म्हणतो ते त्या सात वर्षांमुळे, पण माणूस घडला त्या बावीस वर्षांत.

हायकोर्टावर जाणं न जाणं ही त्या काळी गुणवत्तेची सरळ मोजणी नव्हती. एखाद-दुसरी भारतीय जागा, तीही मरण वा निवृत्तीनंतर रिकामी होणारी. त्यावरून सत्येंद्रनाथांची कामगिरी बेताची ठरवायला माझा साफ विरोध आहे.

दरखास्त

जिल्हा कोर्टात वकिली करतो, म्हणून 'न्यायाधीश कुठे आहे' याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. जरा लांबेल.

सत्येंद्रनाथ ज्या चौकटीत बसत होते ती १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याची. हाच कायदा बदललेल्या नावाने आजही आपल्याकडे चालू आहे. दुसऱ्या वर्गाचा सबजज्ज पाच हजारांपर्यंतचे दावे चालवायचा, पहिल्या वर्गाचा कितीही रकमेचे. पाच हजारांच्या आतल्या निकालांवर अपील जिल्हा न्यायाधीशाकडे, त्यावरच्या रकमेचं थेट हायकोर्टात. म्हणजे सावकार-सरदारांचे मोठे दावे त्याला वळसा घालून मुंबईला जायचे. बांधाचे, वाटेचे, विहिरीतल्या पाण्याच्या पाळीचे, वाटणीचे, दत्तकाचे दावे त्याच्याकडे यायचे. आणि दुसरं अपील फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. कोण खरं बोललं, सही कुणाची, ताबा कुणाचा, या बाबतीत जिल्हा न्यायाधीशाचा शब्द अखेरचा. कुणब्याच्या दृष्टीने तेच शेवटचं कोर्ट. मुंबई त्याला परवडतच नसे.

आता साक्ष कशी व्हायची ते बघा. साक्षीदार मराठीत बोलणार. कारकून ती जबानी कोर्टाच्या भाषेत उतरवून घेणार. आणि न्यायाधीश स्वतःच्या हाताने इंग्रजीत तिचं टिपण करणार, तसा नियमच होता. मातृभाषा बंगाली, कानावर माणदेशी मराठी, हातातून इंग्रजी. नुसतं भाषांतर जमून भागत नाही, कारण साक्षीदार 'बांध कोरला' म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय म्हणायचंय ते समजल्याशिवाय टिपण होत नाही. सनदी नोकरांना इथल्या भाषांच्या परीक्षा द्याव्या लागतच, पण या गृहस्थांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. परीक्षेपुरतं मराठी शिकलेल्याचं हे काम नव्हे. माझ्या लेखी त्यांच्या न्यायाधीशपणाचा हा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

फौजदारीकडे तोच माणूस सेशन्स जज्ज. खटला ज्यूरीसमोर किंवा असेसर, म्हणजे मत देणारे सल्लागार, घेऊन चालायचा. असेसरांचं मत ऐकायचं, पण ते बंधनकारक नाही. फाशी दिली तर कायम करायला हायकोर्टाकडे पाठवायची.

आणि इथे एक बोचरी गोष्ट. हा सेशन्स जज्ज कारवारात कुणाही हिंदी माणसाला फाशीची शिक्षा देऊ शकत होता, पण एखाद्या गोऱ्या ब्रिटिश प्रजाजनाचा साधा खटलाही चालवू शकत नव्हता. मुंबई, कलकत्ता, मद्रास शहरांबाहेर तो अधिकार फक्त गोऱ्यांना. बिहारीलाल गुप्तांनी १८८२ मध्ये यावर टिपण दिलं, त्यातून १८८३ चं इल्बर्ट बिल आलं, देशभरच्या गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं, आणि १८८४ मध्ये तडजोड झाली. अधिकार दिला, पण आरोपीला निम्मे तरी गोरे असलेली ज्यूरी मागता येईल अशा अटीवर. इतिहासाच्या पुस्तकात हे एक कलम असतं. सत्येंद्रनाथांच्या बाबतीत ती रोजची खुर्ची होती. वीस वर्षं नोकरी झालेली, आणि तरी कायदा सांगतो की अमक्याचा न्याय तू करायचा नाहीस.

तिसरं, आपल्या भागाचं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची कर्जखतं जाळली गेली. त्यावर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, तो पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना. खतावर लिहिलेली रक्कम पुरावा म्हणून पुरी नाही, न्यायाधीशाने पहिल्या कर्जापासूनचा सगळा हिशोब उकरून काढायचा, असं त्यात सांगितलं होतं. कर्जापायी तुरुंग बंद. लहान दाव्यांत अपील नाही, वरून फेरतपासणी. या चारांपैकी दोन जिल्ह्यांत सत्येंद्रनाथ जिल्हा न्यायाधीश होते, आणि रानडे याच कायद्याचे खास न्यायाधीश. १८४२ सालचे दोघंही एकाच कायद्याची दोन टोकं सांभाळत होते.

सरळमार्गी

दरखास्त, मनापासून आभार. हेच हवं होतं. इल्बर्ट बिलाकडे मी कधी न्यायाधीशाच्या खुर्चीतून पाहिलं नव्हतं.

शिक्का_मोर्तब

कोर्टातून शिरस्तेदार, म्हणजे मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झालो. सव्वाशे वर्षांपूर्वीचं वाचताना सारखं वाटत होतं, यातलं किती तसंच आहे.

जिल्हा न्यायाधीश हे गावातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात एकटं माणूस. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक नाही. तीन वर्षं झाली की बदली. लग्नकार्याला जायचं तर यजमानाचं कोर्टात काही चालू नाही ना, हे आधी बघावं लागतं. बाजारात भाजी घेताना कुणी ओळखीने दोन रुपये कमी केले तरी पंचाईत. माझ्या वेळच्या एका साहेबांच्या बाई मंडईत कधी नाव सांगत नसत, आणि मुलांना शाळेत 'बाबा सरकारी नोकरीत आहेत' एवढंच सांगायला शिकवलं होतं.

लोकांना साहेब डायसवर दिसतात तेवढेच. पट्टेवाल्याने पुकारा केला, साक्ष झाली, तारीख पडली. खरं काम नंतर असतं. आमचे हे साहेब संध्याकाळी चेंबरमध्ये दिवा लावून बसत. मुद्द्यांची यादी स्वतःच्या अक्षरात, एकेका मुद्द्यापुढे निशाणी (पुराव्याच्या कागदाचा) क्रमांक, मग स्टेनोला मजकूर सांगणं. एका वाटणीच्या अपिलात सात भावंडांचा वंशवृक्ष त्यांनी तीनदा काढला होता, कारण एका बहिणीचं नाव मूळ दाव्यातच राहिलं होतं. खालच्या कोर्टाच्या, वकिलांच्या, कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. त्या बाईंना पुढे हिस्सा मिळाला. साहेबांची बदली तोवर विदर्भात झाली होती, निकालावर नाव दुसऱ्यांचं आहे. अशी कामं कुठल्या गौरवग्रंथात येणार?

मराठीबद्दल एक. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. पण कित्येक ठिकाणी निकाल अजून इंग्रजीतच येतो, आणि पक्षकार तो वकिलाकडून समजून घेतो. सत्येंद्रनाथांचं इंग्रजी टिपण आपण आजही करतोच आहोत. हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे.

एलएलबी_तिसरं_वर्ष

न्यायाधीश व्हायचंय, म्हणून धागा दोनदा वाचला. कॉलेजात सगळे फक्त कटऑफ आणि अभ्यासक्रमावर बोलतात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणल्यापासून आमच्या वर्गात नाराजी आहे, कारण परीक्षा लांबली. शिक्का_मोर्तब काका, तुम्ही इतकी वर्षं न्यायाधीशांना जवळून पाहिलंत. ही अट तुम्हाला योग्य वाटते का?

शिक्का_मोर्तब

बाळ, मला योग्य वाटते. कॉलेजातून थेट परीक्षा देऊन, उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण घेऊन आलेले हुशार न्यायाधीश मी पाहिलेत, कायदा तोंडपाठ. पण पक्षकार तारखेला एसटीचं तिकीट काढून, दिवसाची मजुरी बुडवून येतो, हे बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या बाजूला, उभं राहिल्याशिवाय कळायला वेळ लागतो. ज्याने अशिलाला 'आज काम नाही झालं, पुढच्या महिन्यात या' असं स्वतः सांगितलंय, तो तारीख देताना दोनदा विचार करतो. तालुक्याच्या एखाद्या चांगल्या दिवाणी वकिलाकडे तीन वर्षं काढ. दरखास्तीची, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीची, कामं मुद्दाम बघ. दावा जिंकून प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत माणसाचं काय होतं, ते तिथे दिसतं.

हुगळीकाठ

निवृत्तीनंतरचं लिहायचं राहिलं. १८९७ मध्येच नाटोर इथल्या बंगाल प्रांतिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. परिषद चालू असतानाच १२ जूनचा मोठा भूकंप झाला. परिषदेचं काम बंगालीत चालावं असा आग्रह रवींद्रनाथ आणि तरुण मंडळींनी धरला होता, तीच ही परिषद. पुढे सत्येंद्रनाथ बंगीय साहित्य परिषदेचेही अध्यक्ष झाले. मुंबई इलाख्यावर त्यांनी बंगालीत दोन पुस्तकं लिहिली. पहिलं नोकरीत असताना, १८८९ मध्ये, आणि दुसरं १९१५ मध्ये, बालपण आणि मुंबईकडच्या वास्तव्याच्या आठवणींचं. मृत्यू ९ जानेवारी १९२३. ही दोन्ही पुस्तकं मराठीत यायला हवीत. त्यांत आपलीच माणसं आहेत.

आणि साताऱ्याच्या मंडळींसाठी एक खास. रवींद्रनाथांच्या 'कथा' या १९०० च्या संग्रहात साताऱ्याच्या किल्ल्यावर सकाळी बसलेल्या शिवाजीमहाराजांपासून सुरू होणारी कविता आहे, रामदासांना राज्य देऊ करण्याच्या प्रसंगावरची. त्याच संग्रहात 'विचारक' म्हणजे न्यायाधीश ही कविता आहे, तिचा नायक तुमचे रामशास्त्री. मोहिमेवर निघालेल्या राघोबांना ते भर रस्त्यात अडवतात आणि पुतण्याच्या खुनाचा जाब विचारतात.

जुने_दप्तर

ही माहिती फार मोलाची. फक्त एक विनंती. भाऊ साताऱ्यात होता म्हणून रामशास्त्र्यांवर कविता आली, असं जोडून कुणी पुढे पाठवू नका. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांचा धागा जुळल्याचा कागद हातात नाही.

कृष्णाकाठ

जुने_दप्तर, तंतोतंत मान्य. सगळ्यांचे आभार. आता पुढचं काम. सत्येंद्रनाथांचे मूळ निकाल कुठे शोधायचे, याची वाट कुणी सांगेल का?

दरखास्त

वाट आहे. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून निघते. हायकोर्टाच्या प्रत्येक अपिलाच्या सुरुवातीला कुणाच्या निकालावर अपील आहे ते छापलेलं असतं, न्यायाधीशाच्या नावासकट. 'एस. टागोर, डिस्ट्रिक्ट जज्ज' असं शोधत जायचं. त्यातून तीन गोष्टी हाती लागतील : कोणत्या वर्षी ते कुठे होते, कोणत्या प्रकारचे दावे त्यांच्यापुढे आले, आणि हायकोर्टाने किती निकाल कायम ठेवले, किती फिरवले. सरळमार्गींच्या कामगिरीच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही. जुने खंड स्कॅन होऊन नेटवर आहेत आणि बहुतेक जिल्हा वकील संघांच्या ग्रंथालयांत कपाटाच्या वरच्या फळीवर असतात. आमच्याकडे सलग संच आहे. मी १८८२ पासून १८९० पर्यंतचे खंड घेतो.

कालीनदी

कारवारची अपिलं दिसली की मला कळवा, गावांची नावं आणि घराणी ओळखून देतो. इंग्रजी छपाईत ती वेडीवाकडी होतात.

सरळमार्गी

१८९१ ते १८९७ माझ्याकडे. यादी याच धाग्यावर टाकू, वर्ष, गाव, दाव्याचा विषय, हायकोर्टाचा निर्णय अशा क्रमाने.